पीएलसी बसवला, तरी प्रेस अर्ध्यातच थांबते

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. जुन्या मशीनचं रिलेंचं (विजेने ओढल्या जाणाऱ्या स्विचचं) पॅनल काढून पीएलसी, म्हणजे तेच काम प्रोग्रॅमने करणारा छोटा संगणक, बसवला. ट्रायल झाली, महिना-दीड महिना मशीन सुरळीत चाललं. मग एक दिवस फोन येतो, "साहेब, सायकल मधेच थांबली होती, रिसेट केल्यावर चालू झाली." दुसऱ्या दिवशी दोनदा थांबते. आपण जाऊन समोर उभं राहावं तर दोन तास एकदाही थांबत नाही. आपण गेटबाहेर पडलो की पुन्हा फोन.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत पॅनल आणि मेंटेनन्सची कामं करतो. हा फॉल्ट मी इतक्या मशीनवर पाहिलाय की आता फोनवर पहिला प्रश्न एकच विचारतो: "लिमिट स्विच जुनेच ठेवलेत का?" (लिमिट स्विच म्हणजे मशीनचा भाग ठरलेल्या जागी पोचला की दाबला जाणारा स्विच.) उत्तर जवळजवळ नेहमी "हो" असतं. का, ते नीट सांगायचंय, कारण या फॉल्टमध्ये पीएलसी, इनपुट कार्ड (स्विचचे सिग्नल घेणारा भाग), एसएमपीएस (२४ व्होल्ट डीसी देणारा सप्लाय) सगळं बदलून होतं, पैसे जातात आणि मूळ तसंच राहतं.

ज्या मशीनवर मला हे पहिल्यांदा उमगलं ती १५० टनांची हायड्रॉलिक प्रेस होती, पत्र्याचे पार्ट काढणारी. ११० व्होल्ट एसीचं कंट्रोल, बाविसेक रिले, चार टायमर. रिलेच्या खटखटाटावरून सायकल कुठवर आली हे ऑपरेटर मामांना पाठ फिरवलेली असतानाही कळायचं. स्पेअर मिळेनात म्हणून मालकांनी पीएलसी करायचं ठरवलं. आम्ही जुनं ड्रॉइंग घेतलं, ओळीला ओळ लॅडर (पीएलसीचा, रिलेच्या ड्रॉइंगसारखा दिसणारा प्रोग्रॅम) लिहिलं, इनपुट २४ व्होल्ट डीसी केली आणि फील्डमधले स्विच तसेच ठेवले. "चालतायत ना, मग कशाला बदलता?" हा मालकांचा प्रश्न होता आणि त्या दिवशी माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

दीड महिन्याने, ऐन पावसात, रॅम (पत्रा दाबणारा वरचा भाग) खाली येता येता मधेच लटकायला लागला.

आधी पकडा, मग उघडा

आम्ही काय केलं ते सांगतो, कारण बहुतेक जण हेच करतात. पहिल्यांदा इनपुट कार्ड बदललं. दोन दिवस फॉल्ट गेला, परत आला. मग स्विच उघडून कॉन्टॅक्ट पुसले, मीटरने तपासले, ०.२ ओहम, उत्तम. आठवडाभर फॉल्ट गेला, परत आला. मग तोच मॉडेल नवा आणून बसवला. तीन आठवडे शांत, आणि पुन्हा तेच.

बारकाईने पाहिलं तर या क्रमातच उत्तर आहे. प्रत्येक वेळी हात लावला की फॉल्ट काही काळ गेला. हात लावण्याने काहीतरी दुरुस्त होत होतं, आणि ते काय हे आम्ही बघितलंच नव्हतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवायचा आणि पीएलसीतच पिंजरा लावायचा. रॅम खाली यायला समजा सात अटी लागतात: पंप चालू, दोन्ही हातांची बटणं, गार्ड बंद, इजेक्टर (तयार पार्ट बाहेर ढकलणारा भाग) मागे, तेलाची पातळी बरोबर, दुसरा कुठला फॉल्ट नाही, वगैरे. लॅडरमध्ये प्रत्येक अटीसाठी एक मेमरी बिट घ्या. सायकल चालू असताना, रॅम तळाला पोचायच्या आत एखादी अट गेली, तर तिचा बिट सेट होऊन तिथेच धरून राहील असं लिहा. आणि एक बिट लागला की बाकीच्यांना लागू देऊ नका. ही शेवटची गोष्ट विसरू नका. एक अट गेली की व्हॉल्व बंद होतो, रॅम थांबतो, ऑपरेटर दचकून बटणं सोडतो, आणि मग दोन-तीन अटी गेलेल्या दिसतात. आपल्याला सगळ्यात आधी कोण गेलं तेच हवं असतं. सोबत एक काउंटर ठेवा. एचएमआय (मशीनवरचा स्क्रीन) असेल तर तिथे दाखवा, नसेल तर लॅपटॉप लावून रोज संध्याकाळी वाचा.

तीन दिवसांनी आमच्या पिंजऱ्यात एकच उंदीर होता: इजेक्टर मागे असल्याचं सांगणारा लिमिट स्विच. हा स्विच पूर्ण डाउन स्ट्रोकभर दाबलेलाच असतो. कॅम हलत नाही, रोलर हलत नाही, कॉन्टॅक्ट बंदच, म्हणजे जुळलेलाच. तरीही पीएलसीला तो काही मिलिसेकंद उघडा दिसत होता.

आता मोजायचं. पण स्विचचं झाकण न उघडता, वायर न हलवता. पीएलसीच्या इनपुट टर्मिनलवर, स्विच दाबलेला असताना, मीटर डीसी व्होल्टवर ठेवून. सप्लाय २४.१ होता. बाकीच्या इनपुटवर २४.० च्या आसपास. या इनपुटवर १३.६, आणि आकडा स्थिर नव्हता. पंप चालू-बंद झाला की हलायचा.

म्हणजे जुळलेल्या कॉन्टॅक्टवरच दहा व्होल्ट खर्च होत होते.

आयईसी ६११३१-२ या मानकाप्रमाणे नेहमीच्या पहिल्या प्रकारच्या २४ व्होल्ट इनपुटला १५ च्या वर असेल तर चालू, ५ च्या खाली असेल तर बंद समजायचं बंधन आहे. मधल्या भागात इनपुट काय समजेल याची हमी कुणी देत नाही. १३.६ तिथेच येतं. कार्डवरचा एलईडी मात्र छान पेटलेला दिसत होता, आणि आम्ही सगळे त्या एलईडीवर विश्वास ठेवून बसलो होतो.

चांदीचं निरांजन आणि लिमिट स्विच

घरातलं चांदीचं निरांजन वापरात नसलं की काळं पडतं. हवेतल्या गंधकाशी चांदी जुळते आणि वर पुट बसतं. लिमिट स्विचचे कॉन्टॅक्ट चांदीचे किंवा चांदीच्या मिश्रधातूचे असतात. प्रेसशेजारी तेलाची वाफ, कटिंग ऑइलमधलं गंधक, आजूबाजूच्या फाउंड्रींचा धूर, वर पावसाळ्याची दमट हवा. पुट बसणारच.

मग चाळीस वर्षं हेच स्विच कसे चालले? ११० व्होल्टवर त्या स्विचमधून कॉन्टॅक्टर जातीच्या (मोठा भार उचलणाऱ्या) रिलेची कॉइल ओढली जायची. खेचताना काहीशे मिलिअँपियर, धरून ठेवायला काही दहा मिलिअँपियर. त्यातून ११० व्होल्टचा दाब. आणि सोडताना कॉइलची बारीक ठिणगी. प्रत्येक सायकलला ते पुट फुटायचं, जळायचं, कॉन्टॅक्ट उजळायचा. जुना रिले नुसता सिग्नल घेत नव्हता, स्विच साफही करत होता. ड्रॉइंगवर हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पीएलसीचं इनपुट ५ ते ७ मिलिअँपियर घेतं. २४ व्होल्ट. ठिणगी नाही. एवढ्याने पुट फुटत नाही, उलट दिवसेंदिवस जाड होतं. म्हणून पहिला महिना मशीन गोड चालतं: रिलेच्या जमान्यातली सफाई तेवढे दिवस पुरते.

आणि म्हणूनच तपासणी फसवते. झाकण उघडून रोलर दोनदा दाबला की कॉन्टॅक्ट एकमेकांवर घासतात आणि पुट निघतं. मग मीटर लावला तर ०.२ ओहम येणारच. आमचे वायरमन २४ व्होल्टचा बल्ब लावून स्विच तपासायचे. पाच वॅटच्या बल्बने दोनशे मिलिअँपियर गेले की त्या क्षणी पुट फुटून कॉन्टॅक्ट चोख होतो. तपासणारा म्हणतो स्विच चांगला आहे, आणि खरोखर तो आता चांगला झालेला असतो. त्याच्या हातूनच पुरावा नष्ट झालेला असतो, त्याची काही चूक नसताना.

साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या शिफ्टला हा फॉल्ट जास्त येतो, तेही यातूनच समजतं. दिवसभर स्विच हललेला नसतो.

दुसरी गोष्ट वेगाची. जुना रिले कॉइलचा करंट क्षणभर तुटला तरी लगेच सोडत नसे. आर्मेचर (कॉइलने ओढलेली पट्टी) सुटायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागत, तोवर कॉन्टॅक्ट परत जुळलेला असे आणि कुणाला कळतही नसे. पीएलसी तीन-चार मिलिसेकंदांत एक स्कॅन करतो: सगळी इनपुट वाचतो, लॅडर वरून खाली सोडवतो, आउटपुट लिहितो. रिलेने पोटात घातलेली प्रत्येक फडफड त्याला दिसते, आणि होल्डिंगची (सुरू झालेली हालचाल धरून ठेवणारी) ओळ एकदा तुटली की सायकल तुटली.

पुट आणि वेग, दोन्ही एकत्र आले की हा फॉल्ट तयार होतो.

उपाय, आणि एक पळवाट जी घेऊ नये

आधी पळवाट. प्रोग्रॅमवाला म्हणतो, "इनपुटला २०० मिलिसेकंदांचा टायमर टाकतो, फडफड दिसणारच नाही." खरंच दिसत नाही. पण रॅम सेकंदाला १०० मिलिमीटर वेगाने येत असेल तर २०० मिलिसेकंदांत २० मिलिमीटर खाली जातो. इजेक्टर खरोखरच पुढे आलेला असेल तर त्या २० मिलिमीटरमध्ये डाय (साचा) फुटते. इनपुट फिल्टर दहा मिलिसेकंदांपर्यंत ठेवायला माझी हरकत नाही, तेवढ्याने नेहमीचं कॉन्टॅक्टचं नाचणं झाकलं जातं. त्याहून जास्त म्हणजे आजार औषधाविना झाकणं. आणि सुरक्षेच्या कुठल्याही सिग्नलला हे मुळीच करायचं नाही.

माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय म्हणजे लिमिट स्विच काढून इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर (न शिवता धातू ओळखणारा) बसवणं. तीन वायरचा, पीएनपी, म्हणजे धातू दिसला की इनपुटला २४ व्होल्ट देणारा. कॉन्टॅक्टच नाही, त्यामुळे पुटाचा प्रश्नच संपतो. एम १८ चा (१८ मिलिमीटर जाडीचा) बिनफ्लश, म्हणजे तोंड धातूबाहेर ठेवून बसवायचा, सेन्सर साधारण ८ मिलिमीटरवरून लोखंड ओळखतो, फ्लश असेल तर ५. समोरचा तुकडा पितळी किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर अंतर बरंच कमी होतं, म्हणून हा तुकडा (फ्लॅग) माइल्ड स्टीलचाच करा. पीएनपी घेताना इनपुट कार्डाचा कॉमन (सगळ्या इनपुटची सामाईक वायर) कुठे जोडलाय ते बघा. कॉमन २४ व्होल्टला असेल तर पीएनपी सेन्सर लावून काहीच होणार नाही आणि सेन्सर खराब आला म्हणून परत पाठवला जाईल. मी हे होताना पाहिलंय.

सेन्सर बसवायला जागाच नसेल, किंवा कॅमची रचना बदलणं जड असेल, तर सोन्याचा मुलामा असलेल्या कॉन्टॅक्टचा स्विच मिळतो. सोन्यावर पुट बसत नाही. मागवताना मात्र "कमी करंटसाठी" असं स्पष्ट लिहून घ्या, बाहेरून दोन्ही स्विच एकसारखेच दिसतात. आणि हा स्विच चुकून कॉइलवर लावू नका. एका ठिणगीत मुलामा उडतो आणि मग तो साधा स्विच होतो.

चौदा-पंधरा स्विच आहेत, मशीन लांबलचक आहे, मालक आत्ता खर्च करणार नाही, अशा ठिकाणी मी स्विचकडे ११० व्होल्ट तसेच ठेवतो. प्रत्येक स्विच पॅनलमधल्या एका रिलेची कॉइल ओढतो आणि त्या रिलेचा कॉन्टॅक्ट पीएलसीला जातो. यात एकच काळजी: तो मधला रिले बारीक करंटच्या कॉन्टॅक्टचा असला पाहिजे, नाहीतर पुट स्विचवरून उठून रिलेवर येऊन बसतं. आणि स्लिम रिलेची कॉइलही फार कमी करंट घेते, तेव्हा ११० व्होल्टच्या दाबावरच भिस्त राहते.

आज रात्री मशीन चालवायचंच आहे, तर इनपुट टर्मिनल आणि शून्य व्होल्ट यांच्यात १.२ किलोओहमचा रेझिस्टर टाका. २० मिलिअँपियर जास्तीचे स्विचमधून जातात. उष्णता अर्ध्या वॅटच्या आसपास होते, म्हणून दोन वॅटचा घ्या. आठवड्याचा आधार म्हणून हे ठीक. एसएमपीएसवर तेवढा भार वाढतो, हेही हिशेबात धरा.

उलटा फॉल्ट: सिग्नल जातच नाही

कधी तक्रार उलटी असते. स्विच सुटला तरी पीएलसीला तो दाबलेलाच वाटतो आणि पुढची पायरी येत नाही. इथे कारण बहुधा गळतीचा करंट. दोन वायरचा सेन्सर बंद असतानाही स्वतःला जागं ठेवायला थोडा करंट सोडतो, डीसीचा एक मिलिअँपियरच्या आत, एसीचा त्याहून जास्त. जुन्या स्विचमध्ये किंवा बटणात आत दिवा असेल तर तोही करंट सोडतो. रिलेच्या कॉइलला त्याची जाणीवही होत नव्हती. काही इनपुटना मात्र तो चालू वाटायला पुरतो. सेन्सर बंद असताना टर्मिनलवर ५ च्या वर व्होल्टेज दिसलं तर हेच. वर सांगितला तसा समांतर रेझिस्टर इथे कायमचा उपाय म्हणूनही चालतो.

इनपुट ११० व्होल्ट एसीची ठेवली असतील तर आणखी एक भूत असतं. स्विचची वायर मोटरच्या केबलसोबत एकाच पाइपमधून वीस-तीस मीटर आली की तिच्यावर आपोआप व्होल्टेज चढतं. मीटर ६०-७० व्होल्ट दाखवतो. रिलेची कॉइल लावली की ते लगेच बसतं, कारण त्यात दम नसतो. पीएलसीचं इनपुट हलकं असल्यामुळे ते तसंच उभं राहतं. केबल वेगळ्या ट्रेमधून घ्या. जमत नसेल तर त्या इनपुटवर कॉइल किंवा रेझिस्टरचा भार द्या.

हेच आउटपुटच्या बाजूलाही होतं. ट्रायॅक (कॉन्टॅक्टऐवजी सेमीकंडक्टरने एसी जोडणारं) आउटपुट बंद असतानाही काही मिलिअँपियर सोडतं. छोटा रिले किंवा एलईडी दिवा त्यावर अर्धवट पेटून राहतो आणि "आउटपुट कार्ड गेलं" असा निकाल लागतो.

सोलेनॉइड सोडताना पीएलसी अडखळतो

पिंजऱ्यात दर वेळी वेगळाच उंदीर सापडत असेल, किंवा पीएलसी स्वतःच थांबून फॉल्टचा दिवा लावत असेल, तर स्विच सोडा आणि कॉइलकडे बघा. सोलेनॉइडचा (व्हॉल्व हलवणाऱ्या कॉइलचा) करंट तोडला की कॉइल उलट झटका देते, आणि तो शेकडो व्होल्टांचा असतो. जुन्या पॅनलमध्ये त्याची फक्त ठिणगी व्हायची. आता त्याच पॅनलमध्ये संगणक बसलाय.

डीसी कॉइलवर उलटा डायोड, १एन ४००७ पुरतो. एसी कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर किंवा व्हॅरिस्टर (दोन्ही झटका पोटात घेणारे). आणि हे कॉइलच्या अंगावर लावायचं. पॅनलमध्ये लावलं तर मधली सगळी वायर अँटेना होते.

प्रेससाठी एक खास सावधगिरी. डायोडमुळे कॉइल सोडायला नेहमीपेक्षा कित्येक पट वेळ घेते. ज्या व्हॉल्वने रॅम थांबतो, तिथे हा उशीर महागात पडतो. तिथे डायोडसोबत झेनर किंवा नुसता व्हॅरिस्टर वापरा, आणि बसवल्यावर रॅम किती अंतरात थांबतो ते पुन्हा मोजा.

जाता जाता: पीएलसीचा रिले आउटपुट दोन अँपियरचा म्हणून लिहिलेला असतो तो साध्या भारासाठी. मोठ्या कॉन्टॅक्टरची किंवा एसी सोलेनॉइडची कॉइल थेट त्यावर टाकली तर काही महिन्यांत तो आतला कॉन्टॅक्ट चिकटतो. मधे रिले घाला. शंभर-दीडशे रुपयांचा रिले बदलणं सोपं, कार्ड बदलणं नाही.

लाइट गेली आणि आली

हा भाग वाचताना घाई करू नका, इथे माणसाचा हात जाऊ शकतो.

जुन्या पॅनलमध्ये लाइट गेली की होल्डिंग कॉन्टॅक्ट सुटायचा. लाइट परत आली तरी कुणीतरी स्टार्ट दाबल्याशिवाय काही हलत नसे. ही सुरक्षा फुकटात मिळालेली होती. लॅडर लिहिताना कुणी होल्डिंगऐवजी सेट-रिसेट (एकदा लागला की रिसेट करेपर्यंत लागूनच राहणारा बिट) वापरलं आणि तो बिट लाइट गेल्यावरही लक्षात ठेवणाऱ्या मेमरीत पडला, तर लाइट आल्या आल्या पीएलसी म्हणतो, "मी रॅम खाली नेत होतो." आणि नेतो. हालचालीचे सगळे बिट साध्या होल्डिंगने लिहा, आणि पीएलसी सुरू झाल्यावरच्या पहिल्या स्कॅनला सायकलचे सगळे बिट शून्य करा. मग प्रत्यक्ष तपासा: रॅम मध्यावर असताना मेन स्विच काढा, दहा सेकंदांनी टाका. हात डायपासून लांब ठेवून.

क्षणभर लाइट लवली तर वेगळाच घोटाळा होतो. एसएमपीएस वीसेक मिलिसेकंद तग धरतो, त्यामुळे पीएलसीला काही कळतच नाही. पण पंपाचा एसी कॉन्टॅक्टर तेवढ्यात सोडून देतो. पीएलसी पंप चालू धरून बसतो, व्हॉल्व उघडतो, दाब येत नाही, सायकल लटकते. कॉन्टॅक्टर परत खेचला तर मोटर स्टार-डेल्टाचा (आधी कमी, मग पूर्ण व्होल्टेजचा) क्रम सोडून थेट डेल्टात उचलते आणि ट्रिप होते. इलाज साधा आहे: कॉन्टॅक्टरचा सहायक कॉन्टॅक्ट इनपुटला आणा. आउटपुट दिलं म्हणजे पंप चालला असं मानू नका, कॉन्टॅक्टरने सांगितलं तरच माना. हा सहायक कॉन्टॅक्टही चांदीचाच असतो, आणि आता तो २४ व्होल्टवर येतो. वरचं सगळं त्यालाही लागू.

स्टार आणि डेल्टा, किंवा उलट-सुलट फिरणारी मोटर, यांचं एकमेकांना अडवणं फक्त लॅडरमध्ये ठेवू नका. एक कॉन्टॅक्टर चिकटला तर लॅडरला ते दिसत नाही. एनसी (एरवी जुळलेल्या) कॉन्टॅक्टची जुनी वायर तशीच राहू द्या.

स्टॉप बटण नेहमी एनसीच, वायर तुटली तरी मशीन थांबावं म्हणून. लॅडरमध्ये त्यासाठी साधा उघडा कॉन्टॅक्ट लिहायचा असतो, कारण बटण सुटं असताना इनपुट चालू असतं. नवीन मुलं ड्रॉइंगवर एनसी बघून लॅडरमध्येही एनसी लिहितात, मशीन चालत नाही, आणि मग बटणच एनओ (दाबल्यावर जुळणारं) करून टाकतात. ते मशीन त्या दिवसापासून धोक्याचं. इमर्जन्सी स्टॉप आणि दोन हातांची बटणं साध्या पीएलसीच्या भरवशावर सोडायचीच नाहीत. त्यांना वेगळा सेफ्टी रिले, दोन चॅनलचा. प्रेसची दोन बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच सायकल सुटली पाहिजे. एक बटण लाकडाच्या खुंटीने दाबून ठेवलेलं मी पाहिलंय. तो ऑपरेटर वाईट नव्हता, त्याला दिवसाचा आकडा गाठायचा होता. म्हणूनच हे मशीनने अडवायचं.

ड्रॉइंगमध्ये न दिसणारं

१९६८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिले पॅनलला पर्याय मागितला. डिक मोर्ली आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्सने मॉडिकॉन ०८४ उभा केला. ०८४ का, तर तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प. त्यांनी मुद्दाम रिलेच्या ड्रॉइंगसारखी दिसणारी लॅडरची भाषा ठेवली, कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला वाचता यावी म्हणून. माझ्यासारख्या आयटीआय केलेल्या माणसाला पीएलसी हातात घेता आला तो याच निर्णयामुळे. पण दिसायला तेच असल्यामुळे आपण ते तेच आहे असं धरून चालतो. रिलेच्या ड्रॉइंगमध्ये जो कॉन्टॅक्ट दोन रेघांनी दाखवलाय त्याच्यामागे किती करंट होता, तो सुटायला किती वेळ घेत होता, लाइट गेल्यावर काय करत होता, हे त्या दोन रेघांत नाही. जुनं पॅनल काढायच्या आधी ते चालू असतानाच उतरवून घ्यावं लागतं. मी आता पॅनल काढण्यापूर्वी एक पूर्ण शिफ्ट नुसता मशीनशेजारी उभा राहतो. प्रत्येक स्विचमधला करंट क्लॅम्प मीटरने बघतो, रिलेंचा क्रम मोबाइलवर रेकॉर्ड करतो, आणि ऑपरेटर मामांना विचारतो की मशीन रुसलं की ते काय करतात. एका ठिकाणी उत्तर मिळालं, "या रिलेवर टिचकी मारतो." ड्रॉइंगवर तो रिले नव्हताच, कुणीतरी मागाहून घातला होता.

बॅटरीचं एवढंच: जुन्या पिढीच्या पीएलसीत प्रोग्रॅम वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत (संगणकाच्या रॅममध्ये) असतो आणि ३.६ व्होल्टच्या लिथियम सेलवर जगतो. मशीनला सप्लाय असेपर्यंत सेल मेला तरी काही होत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मेन बंद करून सगळे गावी जातात आणि परत आल्यावर पीएलसी कोरा. सेल सुट्टीच्या आधी बदला, शक्यतो पीएलसी चालू असताना, आणि प्रोग्रॅमची एक प्रत पॅनल बनवणाऱ्याकडे, एक कारखान्यात ठेवा.

त्या प्रेसवर शेवटी आम्ही इजेक्टरसह सहा जागी प्रॉक्सिमिटी सेन्सर बसवले. पिंजरा लॅडरमध्ये तसाच ठेवलाय, काउंटरसकट. इजेक्टरचा आकडा तेव्हापासून शून्यावर आहे. मागच्या महिन्यात मात्र प्रेशर स्विचसमोर दोन दिसले. तो अजून जुनाच आहे, चांदीच्या कॉन्टॅक्टचा. कॉन्टॅक्ट जुळलेला असताना त्याच्या इनपुटवर १९.८ व्होल्ट मिळाले. अजून पुरेसे आहेत, पण सरळ उतरत चाललेत. नवा प्रेशर ट्रान्समीटर मागवलाय, तो येईपर्यंत त्या टर्मिनलवर १.२ किलोओहम लावून ठेवलाय आणि ऑपरेटर मामा रोज सकाळी आकडा वहीत लिहितात.